नित्याच्या आचरणातून दिसणारी निष्ठा

सूत्रपाठातील विचार आणि आचार ही प्रकरणे, त्यांच्या मालिकांसह, विद्यार्थिदशेत आपण बहुधा स्वतंत्रपणे मुखोद्गत करतो. विचारात तत्त्वनिर्णय आणि आचारात विधिनिषेध, अशी ढोबळ विभागणी तेव्हाच मनात पक्की बसते. पुढे पुष्कळांची अशी समजूत होते की, विचार हा विद्वानांचा प्रांत आणि आचार हा सर्वसामान्य साधकांचा. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचे निरूपण ज्याला उत्तम करता येते तो ज्ञाता. आणि जो वेळेवर उठतो, स्मरण करतो, भिक्षा करतो, तो आचारशील. जणू दोन वेगळी माणसे! ही समजूत आपल्या ग्रंथांच्या घडणीशी जुळत नाही. साधकाने अंतरी काय धरले आहे, म्हणजे त्याचा विचार कोठवर पचला आहे, हे त्याच्या नित्याच्या लहान निवडींतच दिसते. शास्त्राने तो दाखविण्याची जागाही तीच ठेवली आहे. एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम ग्रंथांची घडण पाहू. केशिराजबासांनी सूत्रे स्वतंत्र ग्रंथरूपाने योजिली. परंतु ती त्यांनी लीळाचरित्रातून वेचून घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे. कोणते वचन कोणत्या प्रसंगी निरूपिले, हे जाणण्यासाठी रामेश्वरबासांचा ‘प्रकरणवश’ आपल्याजवळ आहे. सूत्र आणि त्याचा प्रसंग शेजारी ठेवून पाहू लागले की एक गोष्ट मनावर ठसते. पुष्कळ वचनांमागचा प्रसंग अगदी लहान असतो. कोणी भिक्षेहून परतले आहे, कोणी सहजच दुसऱ्याविषयी काही बोलून गेले आहे, कोणाला एखादी शंका आली आहे. सर्वज्ञांनी सभा भरवून, विषय ठरवून निरूपण केले असे फारसे दिसत नाही. समोरच्या माणसाने त्या क्षणी जे केले वा जे टाळले, त्यालाच धरून वचन आले आहे. तेव्हा प्रसंग गाळून केवळ सूत्र पाठ करणारा विद्यार्थी उत्तर पाठ करतो. प्रश्न काय होता हे त्याला ठाऊकच नसते.

म्हाइंभट हे शास्त्रसंपन्न पंडित. शके १२०० च्या सुमारास रिद्धपुरी, भटोबासांच्या सांगाती बसून त्यांनी लीळा सिद्ध केल्या. त्यांच्या विद्वत्तेस शोभेल असा एखादा सिद्धांतग्रंथ संस्कृतात रचणे त्यांना अवघड नव्हते. ते न करता गोसावी कोठे बसले, काय आरोगण केले, कोणी काय विचारले, वाटेत कोण भेटले, हे त्यांनी टिपून ठेवले. ज्याने जी लीळा प्रत्यक्ष पाहिली असेल त्याच्याकडून ती मिळवावी, असा त्यांचा कटाक्ष होता. आणि जेथे सांगणाऱ्यांत भेद पडला तेथे भेद नोंदवून ठेवण्याची रीत लीळाचरित्राच्या पाठपरंपरेत आजही दिसते. एका सांगणाऱ्याचे खरे मानून दुसऱ्याचे पुसून टाकणे सोपे होते. ते केले नाही, यात सत्याविषयीची त्यांची निष्ठा जितकी दिसते तितकी ती सत्यावरील एखाद्या प्रकरणात दिसली नसती. आपल्यापैकी काही वक्ते आज एखादी लीळा सांगताना तीत आपल्या पदरचे संवाद घालतात, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून. हेतू चांगला असेल. पण म्हाइंभटांच्या वारसांना ही सूट कोणी दिली, हा प्रश्न उरतोच.

आता एक लीळा घेऊ. सर्वज्ञ आसनस्थ असता एक ससा पारध्यांच्या आणि कुत्र्यांच्या भयाने पळत येतो आणि त्यांच्या गुडघ्याखाली आश्रय घेतो. मागोमाग पारधी येतात व आपली शिकार मागतात. शरण आलेल्यास देता येत नाही, असा सर्वज्ञांच्या उत्तराचा आशय आहे. पारधी परत फिरतात. पुढे भय निवारल्यावर सर्वज्ञ सशास मोकळे करतात, आणि तेही एखाद्या थोर अतिथीस निरोप द्यावा अशा आदराने.

या लीळेवर निरूपण करताना आपण लगेच अहिंसेच्या लक्षणाकडे वळतो. त्यात गैर काही नाही. पण क्षणभर लीळेतच थांबावे. येथे विचार करण्यास अवधी नाही. ससा आला तो विचारून आला नाही. पारधी समोर उभे आहेत, त्यांच्या हाती शस्त्रे आहेत, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यांची मागणी अगदीच अवाजवीही नाही. शिकार त्यांची उपजीविका आहे. गुडघा किंचित उचलला असता तर सर्व प्रकरण मिटले असते, आणि कोणी दोष दिला असता असेही नाही. गुडघा उचलला गेला नाही, एवढीच ही लीळा आहे. परमेश्वर अवताराच्या ठायी निवड करण्याचा प्रश्नच नाही, कृपा हा त्याचा स्वभाव. परंतु ही लीळा ज्यांच्यासाठी राखून ठेवली त्या आपणा जीवांना ती शिकविते ती गुडघ्याएवढीच गोष्ट. आपल्या आश्रयास जे येते, ते असेच न विचारता, गैरसोयीच्या वेळी येते. जेवणाच्या पानावर बसताना दारी कोणी येते. पारायण चालू असता म्हातारा शेजारी खोकू लागतो. अशा वेळी आपण काय हलवितो आणि काय हलवीत नाही?

श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुरातील लीळाही याच दृष्टीने वाचाव्यात. गावातील लोक त्यांना आई आणि बाप अशा दोन्ही नात्यांनी ओळखत, ते काही तत्त्वचर्चा ऐकून नव्हे. अडलेल्या स्त्रीच्या घरी ते गेले, गोरगरिबांच्या अंगणात वावरले. मातंगांना पाण्याची अडचण होती. त्यांनी विनविले आणि श्रीप्रभूंनी त्यांच्यासाठी पाणी लावून दिले. हे तेराव्या शतकातले आहे. पाण्यासाठी माणसाने माणसाला दूर ठेवण्याचा दोष या भूमीत पुढे सहा-सातशे वर्षे चालला, आणि तो मोडण्यासाठी १९२७ साली महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. आपल्या पंथाजवळ रिद्धपूरची लीळा होती. ती आपण जपली, वंदिली, तिच्या स्थानास दंडवत घातले. परंतु नव्याने आलेल्या नामधारकास आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? गाव विचारतो आणि मागोमाग आडनाव विचारतो. आडनाव विचारण्यात स्वतः काही पाप नाही. मात्र ते कळल्यावर बोलण्याचा सूर बदलतो की तोच राहतो, पंगतीतील जागा बदलते की तीच राहते, हे ज्याचे त्याने पाहावे. त्या एका क्षणात चार पदार्थांचे आपले सर्व ज्ञान पणास लागलेले असते. जीव हा जीवच, असे ज्याने खरोखर जाणले त्याचा सूर आडनाव ऐकून बदलत नाही.

येथे शंका उद्भवते. आचरण तर दांभिकही असू शकते. मनात एक आणि वर्तनात दुसरे, असे आपण नित्य पाहतो. मग आचरणावरून निष्ठा कशी ओळखावी?

शंका रास्त आहे. समाधान असे की, दंभाला तयारी लागते आणि प्रेक्षक लागतात. मोठ्या प्रसंगी, उत्सवात, महंतांच्या समोर, व्यासपीठावर माणूस आपले वर्तन सजवू शकतो. परंतु दिवसाकाठी ज्या शेकडो बारीकसारीक निवडी आपण करतो, त्या सर्व सजविण्याएवढी शक्ती कोणत्याही दांभिकाजवळ नसते. शिवाय आपल्या शास्त्राने सन्निधान आणि असन्निधान असा जो भेद केला आहे, त्याचे मर्म येथे उपयोगी पडते. सन्निधानात गोसाव्यांची दृष्टी साधकावर होती. तेथे दास्य हा धर्म. सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर ती दृष्टी डोळ्यांना दिसेनाशी झाली आणि साधकासाठी स्मरण, भिक्षा, अटन, विजन हा आचार उरला. असन्निधानाचा धर्म म्हणजे कोणी पाहत नसताना करावयाचा धर्म, असा अर्थ मी माझ्यापुरता लावतो. विजनात बसलेल्या साधकाने स्मरण केले की डुलकी घेतली, हे त्याच्यावाचून कोणास कळणार? आता तर डुलकीस सोबती मिळाला आहे. विजनास निघताना झोळीत भ्रमणध्वनी आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुरे!

भिक्षेचा विषय मात्र जरा विस्ताराने घ्यावयास हवा, कारण निवड आणि निष्ठा यांचा संबंध त्यात जितका स्पष्ट होतो तितका अन्यत्र क्वचितच होतो.

भिक्षेच्या आचाराचा गाभाच असा आहे की, साधकाने घर निवडू नये. चारी वर्णांच्या घरी भिक्षा करावी, जे मिळेल ते झोळीत एकत्र व्हावे, चवीचा भेद राहू नये, आणि गावाबाहेर पाण्याच्या काठी ते सेवावे. वरवर पाहता ही केवळ वैराग्याची कडक शिस्त वाटते. परंतु ज्याने प्रत्यक्ष भिक्षा केली आहे त्याला यातील सूक्ष्मता कळते. गल्लीच्या तोंडाशी माडीचे घर असते. तेथे तूप लावलेली पोळी मिळते हे कालच कळलेले असते. पलीकडे मातीच्या भिंतीचे घर असते. तेथली बाई स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी आणून घालते आणि ती घालताना ओशाळते. पाय कोणत्या घराकडे वळतात? मन तर फार चतुर. ते म्हणते, गरीब घरी गेल्याने त्या बाईला संकोच होईल, तेव्हा तिला का अवघडवावे? हे बोलणे दयेचे वाटते. पण त्याच दयेने माडीच्या घरावरून मात्र पाय कधी पुढे गेलेले नसतात. आपली आवड दयेचे वस्त्र पांघरून येते, ती अशी. आणि त्या ओशाळणाऱ्या बाईचे घर चुकविले की तिचा दानाचा अधिकार आपण काढून घेतो, हेही लक्षात येत नाही. देणाऱ्याची अर्धी भाकरी आणि घेणाऱ्याचे न निवडणे, या दोहोंतून त्या उंबरठ्यावर काही घडते. माडीच्या घरी नित्य जाणाऱ्याला ते कधीच ठाऊक होत नाही.

आज अनेक आश्रमांत स्वयंपाकघरे आहेत, आणि झोळी घेऊन गावात फिरणारे साधक कमी झाले आहेत. काळाप्रमाणे हे झाले. त्याबद्दल कोणास दूषण देण्याचे कारण नाही. वृद्ध तपस्विनींना आणि आजारी साधूंना आश्रमाचे अन्न मिळते ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु घर निवडण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, त्याने केवळ जागा बदलली. वासनिकांची आमंत्रणे येतात. एकाच दिवशी दोन आली तर आपण कोणते स्वीकारतो? जे आधी आले ते, की ज्याच्यासोबत मोटार येणार आहे ते? एका वासनिकाने एकदा हे मला अगदी सरळ शब्दांत विचारले. त्याचे घर आडगावी, रस्ता कच्चा. तो म्हणाला, “बाबाजी, आमच्या घरी उपहार करायचा आहे, पण साधूंना बोलवायला भीती वाटते. तारीख धरली की दुसरीकडे मोठा कार्यक्रम निघतो.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, सवय होती. मला त्या सवयीचेच वाईट वाटले. रागावलेला माणूस निदान अपेक्षा तरी ठेवून असतो.

भिक्षेनंतर नाव आणि मान. नरेंद्र कवीची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. देवगिरीच्या रामदेवराव यादवाने रुक्मिणीस्वयंवर ऐकले आणि ते आपल्या नावे करावे म्हणून सोने देऊ केले. नरेंद्राने नाकारले, कवींच्या कुळास बोल लागेल, हा त्याचा अभिप्राय. त्याचा ग्रंथ आज आपल्या हाती अपूर्ण रूपात आहे, पण तो त्याच्याच नावाचा आहे. राजाला नाव विकण्यास नकार देणाऱ्याचे आपण वारस. आणि आपल्या आश्रमांच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या पंख्यापासून पायरीपर्यंत लावलेल्या आहेत. दान देणाऱ्याची कृतज्ञता बाळगावी, हिशेब चोख ठेवावा, हे मान्य. पण ज्या पायरीवरून साधक स्मरण करीत चढतो त्या पायरीवर दुसऱ्याचे नाव वाचावयास लागावे हे मला रुचत नाही.

भाषेच्या बाबतीतही असेच आहे. स्मृतिस्थळात दोन प्रसंग आहेत. केशिराजबास संस्कृतात रचना करू पाहत असता भटोबासांनी त्यांना थांबविले. माझ्या म्हाताऱ्या स्त्रिया याने वंचित होतील, असा त्यांचा आशय होता. दुसऱ्या वेळी पंडितांनी संस्कृतप्रचुर भाषेत प्रश्न केला तेव्हा त्यांनी सांगितले की, सर्वज्ञांनी मला मराठीत निरूपिले आहे, तेव्हा त्याच भाषेत विचारा. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपुरी मराठी भाषेचे विद्यापीठ निघाले, तेव्हा हे प्रसंग पुष्कळांनी सांगितले. आनंदाची गोष्ट. मात्र भटोबासांच्या मनात तेव्हा भाषेचा गौरव नव्हता; समोर बसलेल्या म्हाताऱ्या होत्या. आपल्या निरूपणाच्या वेळी त्या आजही पहिल्या ओळीत बसतात, गुडघे दुखत असताना बसतात. त्यांतील एक वृद्ध बाई निरूपण संपल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, “बाबा, आवाज लई गोड होता. ते ‘व्यावृत्ती’ म्हणजे काय व्हय?” निरूपण एका तरुण साधूचे होते, त्याने त्यांच्याजवळ जमिनीवर बसून, घागर आणि रांजण यांचा दाखला देऊन पुन्हा सगळे समजाविले. त्याला अर्धा घटका उशीर झाला आणि त्याची गाडी चुकली. भटोबासांची परंपरा कोणी चालविली असे विचाराल तर मी त्या चुकलेल्या गाडीकडे बोट दाखवीन. सर्वज्ञांनी महदाइसेच्या जिज्ञासेचे कौतुक केले होते. विचारणाऱ्या म्हातारीस उत्तर मिळणे हा या मार्गातला जुना हक्क आहे.

वासनिकांच्या घरी परीक्षा वेगळ्या रूपाने येते. रजस्वलेच्या विटाळाविषयी सर्वज्ञांनी जे सांगितले ते लीळाचरित्रात आहे: देहाच्या इतर स्रावांसारखाच तोही देहधर्म, त्याने स्मरणास वा धर्मास बाध येत नाही. असे असता पारायणाच्या दिवशी सुनेला माजघरात बसविणारी उपदेशी घरे आहेत. तेथे पोथी उघडलेली असते आणि पोथीतला अर्थ माजघरात अडकलेला असतो. हा विषय एवढ्यावरच सोडतो. ज्यांच्या घरी हे चालते त्यांना ते ठाऊक आहे.

अनन्यभक्तीचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे आणि त्यावर आपण जरा घाईने बोलतो, असे मला वाटते. उपदेश घेताना वासनिक परमेश्वरावाचून इतर देवतांची भक्ती न करण्याचा निश्चय करतो. देवतांची फळे मर्यादित, मोक्ष देणारा एक परमेश्वरच, हे त्याला समजलेले असते. पुढे मूल तापाने फणफणते. तिसरी रात्र उजाडते. शेजारीण म्हणते, अमुक ठिकाणी नवस बोल. सासू म्हणते, आमच्या घरी पूर्वी चालत होते. आईच्या मनाची त्या वेळी जी घालमेल होते ती व्यासपीठावरून कळत नाही. ती नवस बोलली तर आपण पुढच्या निरूपणात व्यभिचारी भक्तीचे लक्षण सांगतो, आणि ते तिने ऐकावे म्हणून थोडे मोठ्याने सांगतो.

लक्षण खरे आहे. पण त्या रात्री तिच्या घरी कोण गेले होते? शेजारीण गेली होती. आश्रम दोन गल्ल्यांवर होता. मुलाला दवाखान्यात नेण्यास कोणी सोबत केली असती, औषधाचे पैसे कोणी पुढे केले असते, कोणी नुसते उशाशी बसून तिच्याबरोबर नामस्मरण केले असते, तर तिची निष्ठा टिकण्यास आधार मिळाला असता. औषधोपचार करणे हे अनन्यभक्तीच्या आड येत नाही, हेसुद्धा कित्येकींना कोणी स्पष्ट सांगितलेले नसते. तिच्या नवसात तिची दुर्बलता दिसली, हे कबूल. आणि आपल्या न जाण्यात आपली निष्ठा किती दिसली?

याच ठिकाणी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे, नाही तर या लेखाचा दुरुपयोग होईल. दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांतांत जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत आहे. कोणी सोंड चाचपली, कोणी कान, कोणी पाय, आणि प्रत्येकाने हाती आले तेवढ्यालाच हत्ती मानले. हा दृष्टांत परमेश्वरस्वरूपाच्या ज्ञानाविषयी आहे, हे मी जाणतो. त्याला येथे आणणे म्हणजे प्रकरण सोडून वापरणे होय, आणि विद्यार्थ्यांनी माझे हे अनुकरण करू नये. परंतु दुसऱ्याच्या एका कृतीला धरून त्याचे सर्व अंतःकरण मोजणारे आपण त्या जात्यंधांहून वेगळे नाही. एका साधूने माडीच्या घरी भिक्षा केलेली आपण पाहिली. त्याआधी सात घरांनी त्याला परत पाठविले होते, हे आपण पाहिलेले नसते. स्वतःच्या निवडी मात्र ज्याच्या त्याला सर्वच्या सर्व दिसतात, सातही घरांसकट. म्हणून ही परीक्षा स्वतःपुरतीच चालते. रात्री निद्रेपूर्वी दिवसभराचे वर्तन आठवून पाहण्याची रीत आमच्या पाठशाळेत जुने अधिकरण शिकवीत असत. त्यात मोठी पापे शोधावयाची नसत. आज कोणाला आधी वाढले, कोणाशी बोलताना घाई केली, कोणाचे नाव घेताना ‘जी’ गळाले, एवढेच पाहावयाचे. दहा-पंधरा दिवसांत एक आकृती दिसू लागते. ती नेहमीच सुखावह असते असे नाही.

आचारमालिकेतील भिक्षाविषयक वचनांचा, त्यांच्या प्रकरणांसह, क्रमवार अर्थ पुढील अंकी घेऊ. विद्यार्थ्यांनी तोवर ती वचने पाठ करून ठेवावीत, आणि शक्य असेल त्यांनी निदान एक दिवस झोळी घेऊन गावात फिरून यावे. म्हणजे अर्थ सांगताना मला कमी बोलावे लागेल. दंडवत प्रणाम.